त्रिशंकू लोकसभेचा अर्थमंत्री : प्रा. मधु दंडवते

अहमदनगरने, म्हणजे आजच्या अहिल्यानगरने, देशाला एक अर्थमंत्री दिला, याचा विसर आता अनेकांना पडला असेल. प्रा. मधु दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी नगरमध्ये झाला. मुंबईत पदार्थविज्ञानाचे शिक्षण घेऊन ते सिद्धार्थ महाविद्यालयात त्याच विषयाचे प्राध्यापक झाले. बेचाळीसचे आंदोलन, १९५५ चा गोवा सत्याग्रह आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा यांतून हा समाजवादी कार्यकर्ता घडला. बॅ. नाथ पै यांच्या निधनानंतर १९७१ मध्ये राजापूरने त्यांना लोकसभेत पाठवले आणि सलग पाच निवडणुकांत हा विश्वास कायम ठेवला. आणीबाणीत ते बंगळूरच्या, तर पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात होत्या. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणली. सामान्य प्रवासी त्यांना त्यासाठी आजही दुवा देतो.

त्यांची खरी कसोटी मात्र १९८९ मध्ये लागली. त्या वर्षी देशाने प्रथमच त्रिशंकू लोकसभा पाहिली. १९७ जागा मिळवूनही काँग्रेस विरोधी बाकांवर बसली. १४३ जागांच्या जनता दलाचे विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान झाले. भारतीय जनता पक्ष आणि डावे पक्ष या दोन विरुद्ध टोकांनी बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर हे सरकार उभे होते. अर्थखाते दंडवते यांच्याकडे आले आणि त्याबरोबर ऐंशीच्या दशकात फुगलेली तूट व परकीय कर्जही आले.

मार्च १९९० मध्ये त्यांनी अर्थसंकल्प मांडला. शेतकरी व कारागिरांना दहा हजार रुपयांपर्यंतच्या थकीत कर्जातून मुक्त करण्याचे आघाडीचे वचन त्यांनी पाळले. सहकारी सोसायट्यांचे जाळे असलेल्या नगरसारख्या जिल्ह्यात या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको. कर्जफेडीची शिस्त बिघडेल, ही टीकाही तेव्हाच झाली आणि ती निराधार नव्हती. सराफांना व सुवर्णकारांना जाचणारा १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा त्याच वर्षी रद्द झाला. जुलैमध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. राज्यांचा भागभांडवलात सहभाग आणि कर्जरोख्यांतून पैसा, अशी त्याची रचना होती. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री दंडवते या जोडीमुळे कोकणाचे जुने स्वप्न मार्गी लागले.

ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले. तेल महागले आणि परकीय चलनाची गंगाजळी आटू लागली. खर्चाला कठोर कात्री लावण्याची ती वेळ होती; पण मंडल आयोग आणि रथयात्रा यांच्या वादळात सरकारच डळमळत होते. ऑक्टोबरमध्ये इंधनाचे दर वाढवण्यात आले. त्याच महिन्यात भाजपने पाठिंबा काढला आणि ७ नोव्हेंबर १९९० रोजी सरकार लोकसभेत पराभूत झाले. पुढचे चंद्रशेखर सरकारही काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर होते. त्याला १९९१ चा पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही. अखेर देशावर सोने गहाण ठेवण्याची पाळी आली.

या संकटाचा सारा दोष दंडवते यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. ते त्यातून पूर्ण मोकळे होते असेही म्हणता येत नाही, कारण कर्जमाफीचा भार रिकाम्या तिजोरीवरच पडला होता. अल्पमतातील सरकार दिलासा देऊ शकते, एखादी संस्थाही उभारू शकते. लोकांना कडू औषध पाजण्यासाठी मात्र उद्याची खात्री लागते. ती त्यांच्यापाशी नव्हती.

१९९१ मध्ये राजापुरात त्यांचा पराभव झाला. १९९६ च्या त्रिशंकू लोकसभेनंतर संयुक्त आघाडीने त्यांना नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद दिले. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार जे. जे. रुग्णालयाला देहदान करण्यात आले. सत्तेच्या अस्थिर खेळात दोनदा जबाबदारी घेऊनही या प्राध्यापकाच्या चारित्र्यावर डाग पडला नाही. आघाड्यांचे गणित मांडणाऱ्यांनी नगरच्या या सुपुत्राचे अकरा महिने जरूर अभ्यासावेत.