पंडिता रमाबाई आणि केडगावच्या मुली

उन्हाळ्याची सुटी लागली की पिंपळे सौदागरसारख्या वाढत्या उपनगरांत मुलांच्या शिबिरांचे फलक झळकू लागतात. कुठे नाट्यवर्ग, कुठे हस्तकला, तर ख्रिस्ती कुटुंबांतील मुलांसाठी सुटीतील बायबल वर्ग. नोहाची गोष्ट ऐकताऐकता मुले पुठ्ठ्याचे तारू करतात, दाविदाची गोष्ट ऐकून गोफण विणतात. गोष्ट कानाने ऐकावी आणि हाताने घडवावी, म्हणजे ती मनात रुजते, हा त्यामागचा विचार. हा विचार याच पुणे जिल्ह्यात, पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फार मोठ्या प्रमाणावर आणि फार कठीण परिस्थितीत आचरणात आला होता. तो आणणाऱ्या स्त्रीचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण. स्त्रियांना संस्कृत शिकवणे निषिद्ध मानले जात असतानाही त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ते ज्ञान मुलीला दिले. भागवताचे हजारो श्लोक बालवयातच रमाबाईंच्या मुखी होते. तीर्थक्षेत्री पुराण सांगावे, मिळेल त्यावर निर्वाह करावा आणि पुढचा रस्ता धरावा, असे या कुटुंबाचे जीवन होते.

१८७४ ते १८७७ या दुष्काळाच्या वर्षांनी हे घर उद्‌ध्वस्त केले. दक्षिणेत अन्नान्न दशेत प्रथम वडील गेले, पाठोपाठ आई आणि मोठी बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. ही भावंडे पायी हजारो मैल चालली. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना कोणत्याही ग्रंथातून वाचावे लागले नाही. पुढे त्यांनी जे काही केले, त्याचे मूळ या वर्षांत आहे.

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्यास पोहोचले. विशीतील या मुलीचे संस्कृत ऐकून तेथील विद्वान थक्क झाले आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भावाचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी जातीची चौकट मोडून बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. तेवीस वर्षांच्या या विधवेने तान्ह्या मुलीसह पुणे गाठले. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनीसंघाच्या सहवासात त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. हा निर्णय महाराष्ट्राला धक्का देणारा होता. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. त्या देशात त्यांना फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची बालोद्यान पद्धती भेटली. चेंडू, लाकडी ठोकळे, माती, कागदाच्या घड्या, विणकाम यांतून मूल शिकते, असे सांगणारी ही पद्धती रमाबाईंनी रीतसर अभ्यासली. श्लोक पाठ करून वाढलेल्या विदुषीने बोटांनी शिकण्याचे महत्त्व ओळखावे, ही लहान गोष्ट नव्हती. त्याच काळात उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या कार्याला मदत करणारी संस्था बोस्टनमध्ये उभी राहिली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, अशी मूळ भूमिका होती. मात्र रमाबाई स्वतः दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. यावरून वादळ उठले. 'केसरी'ने कठोर टीका केली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणायचे होते. ज्यांनी विश्वासाने मुली सोपवल्या, त्यांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले. पुढे काही मुलींनी खरोखरच धर्मांतर केल्यामुळे हा सल दीर्घकाळ राहिला. रमाबाईंच्या दृष्टीने प्रश्न वेगळा होता. दुसऱ्यांच्या सोयीसाठी स्वतःची श्रद्धा लपवायची कशी? जवळची माणसे दुरावली, तरी त्यांनी दार बंद केले नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा वीस वर्षांपूर्वीची भूक त्यांच्यापुढे पुन्हा उभी राहिली. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते. केडगावला त्यांनी आधीच जमीन घेतलेली होती. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आई-वडील गमावलेल्या, कोणावरही विश्वास न उरलेल्या या मुलींना केवळ उपदेश करून काय साधणार होते? रमाबाईंनी त्यांच्या हातांना काम दिले. शेती, दूधदुभते, सूत कातणे, विणकाम, शिवणकाम, तेलाची घाणी. अंध मुलींच्या विभागाला बार्तीमी सदन असे नाव होते. बार्तीमय हा बायबलमधील यरिहोच्या वाटेवर बसलेला आंधळा भिकारी. लोकांनी दटावले तरी तो हाक मारीत राहिला आणि त्याला दृष्टी लाभली. केडगावच्या अंध मुलींना बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी शिकवली गेली. म्हणजे गोष्टीतले नाव केवळ दारावर राहिले नाही. ज्यांना दिसत नव्हते, त्या वाचू लागल्या.

सर्वांत विलक्षण काम छापखान्याचे. उपलब्ध मराठी बायबलची भाषा खेड्यातील स्त्रीला कळत नाही, असे रमाबाईंना जाणवत होते. म्हणून या संस्कृतच्या पंडितेने हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून साध्या मराठीत अनुवाद करण्याचे काम हाती घेतले. आयुष्याची अखेरची दीड दशकाहून अधिक वर्षे त्यांनी त्यासाठी दिली. आणि तो छापला मुक्तीतील स्त्रियांनीच. खिळे जुळवणे, मुद्रिते काढणे, छपाई, बांधणी ही सारी कामे त्यांनी केली. खिळे जुळवणारीला प्रत्येक अक्षर उलटे वाचून जागेवर बसवावे लागते. त्यात घाई चालत नाही. योसेफाच्या काळातील सात वर्षांचा दुष्काळ असो, की परक्या शेतात सरवा वेचणारी विधवा रूथ, या कथा त्या हातांतून अक्षराअक्षराने गेल्या. दुष्काळातून आलेल्या मुलींना त्या दूरदेशीच्या वाटण्याचे कारण नव्हते.

अखेरची वर्षे सोपी नव्हती. रमाबाईंचे ऐकू येणे कमी झाले होते. ज्या मनोरमेने संस्थेची धुरा सांभाळायची, ती जुलै १९२१ मध्ये आईआधी गेली. तरीही अनुवादाचे काम थांबले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून झाले. ते पाहायला त्या नव्हत्या.

रमाबाईंच्या धर्मांतराविषयी महाराष्ट्राने पुष्कळ वाद घातला. त्या वादाच्या धुरळ्यात केडगावच्या छापखान्यातील मुली मात्र दिसेनाशा झाल्या. निराधार म्हणून आलेल्या त्या मुलींनी एक अख्खा ग्रंथ स्वतःच्या हातांनी उभा केला. आज पुठ्ठ्याचे तारू कापणाऱ्या लहान बोटांना धीर आणि श्रद्धा शिकवायची, तर त्या मुलींची गोष्टही त्यांना अवश्य सांगावी.