गोपाळबाबा वलंगकर : परिस्थितीपुढे न झुकलेला माणूस

विठ्ठलवाडी : महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले. फौजेत हवालदार, गावात मात्र अस्पृश्य! ही व्यवस्था त्यांच्या जन्माआधीची. पण नशीब म्हणून त्यांनी ती स्वीकारली नाही. १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून धर्ममार्तंडांनाच जाब विचारला. महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा १८९४ मध्ये सरकारसाठी अर्ज लिहिला. भरती लगेच खुली झाली नाही. १९०० मध्ये बाबा गेले. मशागत मात्र झाली होती. १९२७ साली त्याच महाडात बाबासाहेबांसोबत हजारो लोक चवदार तळ्यावर गेले. समाजरचना माणसाला घडवते, दाबतेही. पण विचार करून उभा राहणारा माणूस तिलाही बदलतो. तरुणांनो, ‘आपल्या हातात काय आहे’ म्हणण्याआधी गोपाळबाबा आठवा. जय भीम!