समरू घराण्याचा मूळ पुरुष

आपल्या घराण्याचा मूळ पुरुष कोण व तो कोठून आला, हे जाणण्याची जिज्ञासा सर्वांसच असते. परंतु शोधान्ती हाती येणारे सर्वच मिरविण्याजोगे असते असे नाही. वॉल्टर राइनहार्ट ह्या जर्मन शिपायाचा वंशवृत्तान्त ह्याच प्रकारचा आहे.

हा पुरुष अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच सैन्यातून हिंदुस्थानात वावरू लागला. त्याच्या उदास मुद्रेवरून त्यास सोंब्र म्हणत, असे सांगतात. देशी लोकांनी त्याचे समरू केले. बंगालचा नबाब मीर कासीम ह्याच्या चाकरीत असता १७६३ साली पाटणा येथे त्याने इंग्रज बंदिवानांची कत्तल केली. हा कलंक त्याच्या नावास कायमचा चिकटला. पुढे अनेक धनी बदलून त्याने दिल्लीच्या बादशाही चाकरीत मेरठनजीक सरधन्याची जहागीर मिळविली. १७७८ साली तो आग्रा येथे निवर्तला. तेथील कॅथलिक दफनभूमीत त्याची कबर आहे.

जहागीर त्याची सहचारिणी बेगम समरू हिजकडे आली. १७८१ साली तिने स्नानसंस्कार घेऊन जोआना हे नाव धारण केले. १८०३ साली आपल्या मराठी मुलखात, असईच्या लढाईत, तिच्या पलटणी दौलतराव शिंद्यांच्या पक्षाकडे होत्या. तदनंतर इंग्रजांशी सख्य करून तिने जहागीर हयातभर राखली. तिचा अंमल कठोर होता. तथापि गोरगरिबांस व मिशनांस तिने मुक्तहस्ते दान केले, आणि १८२२ साली सरधन्यास पवित्र मरियेचे भव्य मंदिर पूर्ण केले.

राइनहार्टचा पुत्र जफरयाबखान बेगमेच्या आधीच वारला. त्याच्या कन्येचा पुत्र डेव्हिड डाइस सोंब्र ह्यास बेगमेने वारस नेमले. १८३६ साली ती निवर्तताच कंपनी सरकारने जहागीर खालसा केली. डेव्हिड अपार द्रव्य घेऊन विलायतेस गेला व १८४१ साली पार्लमेंटात निवडून आला. परंतु लाचलुचपतीमुळे ती निवडणूक रद्द झाली. पुढे त्यास वेडा ठरविण्यात आले, आणि आपण शहाणे आहोत हे सिद्ध करण्याच्या खटपटीतच तो १८५१ साली लंडन येथे निपुत्रिक मरण पावला. त्याचा देह अखेर सरधन्यासच आणून पुरण्यात आला.

जहागीर गेली, पलटणी गेल्या, सोंब्र हे नाव चालविणारा पुत्रही उरला नाही. मंदिर मात्र उभे आहे. १९६१ साली त्यास बॅसिलिकेचा मान मिळाला, आणि आजही तेथे यात्रेकरू गुडघे टेकतात.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, बिद्रीच्या ह्या महोत्सवप्रसंगी आपणही पूर्वजांचे स्मरण करितो. त्यांचे दोष झाकण्याचे कारण नाही व त्यांच्या वैभवाचा गर्वही नको. रक्ताचा वारसा खुंटतो. श्रद्धेने उभारलेले पुढील पिढ्यांच्या कामी येते.