लक्ष्मीबाई टिळक : सेवाव्रताच्या घरातील दुसरी बाजू

धर्मसेवेला आयुष्य वाहिलेल्या पुरुषांची चरित्रे मराठीत पुष्कळ आहेत. त्या पुरुषांच्या घरात चूल कशी पेटत होती, हे सांगणारी पुस्तके मात्र मोजकीच. त्या मोजक्या पुस्तकांत लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’चे स्थान अग्रभागी आहे. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र वाचकांच्या स्मरणात राहिले ते मुख्यतः त्यातील प्रसन्न विनोदामुळे. परंतु त्या विनोदाखाली एका घायाळ संसाराचा हिशेब मांडलेला आहे, आणि तो मांडताना लेखिकेने कोणतीही रक्कम वगळलेली नाही, हे लक्षात घेतल्याखेरीज लक्ष्मीबाईंचे मोठेपण पुरते उमगत नाही.

सोवळ्याचे माहेर

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळील जलालपूर या गावी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. घरात त्यांना मनू म्हणत. १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. या घटनेचा मनूच्या वडिलांवर जो परिणाम झाला, तो त्यांच्या पराकोटीच्या सोवळ्यात प्रकट झाला. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यावयाची नाही, हा त्यांचा दंडक. त्यापायी बायको, मुले, सारे घर अखंड धाकात असे. एका घरावर कोसळलेली आपत्ती पुढच्या पिढीच्या वाट्याला निराळ्याच रूपाने कशी येते, याचे हे त्या मुलीला घडलेले पहिले दर्शन होते. त्या दिवसांचे वर्णन करताना लक्ष्मीबाई वडिलांना खलनायक ठरवीत नाहीत. वेड हे वेड म्हणूनच सांगतात आणि त्याचा जाच कोणाकोणाला झाला, तेही सांगतात.

संतापाचा वारसा

१८८० मध्ये, मनू अकरा-बारा वर्षांची असताना, तिचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि ती लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथला. तेही एका दुखावलेल्या घरातूनच आले होते. वडील अत्यंत तापट. त्यांच्या रागाची सर्वाधिक झळ आई जानकीबाईंना लागे. टिळकांना काव्याची गोडी लागली ती या आईमुळे. ती गेल्यावर कोवळ्या वयातच त्यांनी घर सोडले, ते नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले.

बुद्धी विलक्षण, अंतःकरण उदार, परंतु पाय एका जागी ठरत नाही, असा हा मनुष्य होता. शिक्षक, कीर्तनकार, पुराणिक अशा नाना भूमिकांतून त्यांची गावोगाव भ्रमंती चाले. मनात आले की घरी न सांगताच निघून जावे, हातात पैसा आला की समोर भेटेल त्या गरजवंताला देऊन टाकावा, असा त्यांचा स्वभाव. वडिलांचा संतापही त्यांच्याकडे वारशाने आला होता. पत्नीला अक्षरओळख करून दिली ती त्यांनीच. तिच्यावर कडाडत तेही तेच. शिक्षणासाठी शाळेचा उंबरठा न ओलांडलेली ही स्त्री पतीच्या लहरीनुसार अधूनमधून मिळणाऱ्या धड्यांवर लिहा-वाचायला शिकली. त्याच तुटपुंज्या शिदोरीवर पुढे मराठीतील एक श्रेष्ठ ग्रंथ उभा राहिला.

१८९५ चा आघात

१८९३ मध्ये राजनांदगावकडे जात असताना आगगाडीत टिळकांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. त्याने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्यातील गिरिप्रवचनाने टिळक भारावून गेले. जातिभेदाने विटलेल्या त्यांच्या मनाला हव्या असलेल्या प्रश्नांची उत्तरे तेथे गवसली. दोन वर्षांच्या अंतर्द्वंद्वानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

टिळकांच्या चरित्रात हा मुक्तीचा दिवस आहे. लक्ष्मीबाईंच्या चरित्रात तो सर्वस्व बुडाल्याचा दिवस आहे. पती हयात, पण ज्या समाजात त्या वाढल्या, त्याच्या लेखी तो गेल्यासारखाच. कपाळी कुंकू असून सौभाग्यवतीचा मान नाही, आणि विधवाही म्हणता येत नाही, अशी ही अवस्था होती. पदरी लहानगा दत्तू. नातेवाइकांनी आधार दिला, तसे सल्लेही दिले. धक्क्याने लक्ष्मीबाईंची प्रकृती ढासळली. नाशिक, पंढरपूर अशी आप्तांच्या आश्रयाने चार-पाच वर्षे गेली. याच काळात त्यांच्या दुःखाने कवितेची वाट धरली. तिकडे टिळकांची पत्रे येत. पत्नीने आणि मुलाने आपल्याकडे यावे, ही त्यांची तळमळ खोटी नव्हती. परंतु ज्या निर्णयाने सारे घर उधळले गेले, तो घेताना पत्नीला विश्वासात घेतले नव्हते, ही वस्तुस्थिती त्या तळमळीने पुसली जात नव्हती.

पुन्हा एक घर

अखेर लक्ष्मीबाई पतीकडे गेल्या, पण ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आपले आचार आणि स्वतंत्र स्वयंपाक सांभाळूनच त्या अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) राहू लागल्या. या टप्प्यावर टिळकांच्या वागण्यातील एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदविली पाहिजे. गावोगाव धर्मोपदेश करणाऱ्या या मनुष्याने स्वतःच्या पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंची सोवळ्या-ओवळ्याची बंधने गळून पडली ती त्यांच्या स्वतःच्या विचाराने. माणसामाणसांतील उच्चनीच देवाने निर्माण केलेले नाही, या निष्कर्षाप्रत त्या आल्या, आणि एकदा आल्यावर मागे फिरल्या नाहीत. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ज्या घरात सोवळ्याने सर्वांना जेरीस आणले होते, त्या घरातील मुलीने ते कोणाच्याही दडपणाविना दूर सारले, हे त्या बालपणाला दिलेले उत्तरच म्हणावे लागेल.

धर्मसेवेचा खरा भार त्यानंतर त्यांच्या अंगावर पडला. तो काळ दुष्काळाचा आणि प्लेगचा. टिळक निराधार मुलांना घरी आणीत. त्यांना जेवू घालणे, त्यांची दुखणी काढणे हे काम लक्ष्मीबाईंचे. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषाही त्यांनी केली. बालकवी ठोमरे टिळकांकडे राहावयास आले, तेव्हा त्या लहरी, हळव्या तरुणाला आईची माया त्यांनीच दिली. टिळकांची औदार्यबुद्धी घराबाहेर कीर्ती मिळवीत असता घरात पीठ-मिठाची तोंडमिळवणी कशी करावी, ही विवंचना त्यांच्या वाट्याला होती. या ओढाताणीच्या हकिकती त्या हसत हसत सांगतात. परंतु रिकामा डबा हा रिकामा होता, हे सांगावयास विसरत नाहीत.

टिळकांचे कार्य निःसंशय मोठे. अभंग, भजन, कीर्तन या मराठी मातीतील प्रकारांना त्यांनी ख्रिस्ती उपासनेत स्थान दिले. ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीतून मुक्त होऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही धर्मभेदापलीकडे जाऊ पाहणारी चळवळ आरंभिली आणि संन्यस्त वृत्तीने ते साताऱ्यास राहू लागले. पतीच्या संन्यासाचा अर्थ पत्नीच्या दृष्टीने काय होतो, हे लक्ष्मीबाईंना निराळे सांगण्याची गरज नव्हती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले.

पतीचे चरित्र, पत्नीचा ग्रंथ

वैधव्यानंतरचा काळ सुखाचा नव्हता. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख त्यांनी पत्करली. पुढे पुत्र देवदत्त यांच्यासमवेत त्या कराचीस राहिल्या आणि अखेरची वर्षे नाशिकला काढली. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. जोडाक्षरांशी झगडणाऱ्या स्त्रीने पतीचे अपुरे काव्य पुढे नेले, हा प्रसंग एरवी केवळ पतिभक्तीचा म्हणून सांगितला जातो. तो तितकाच आत्मविश्वासाचाही आहे.

‘स्मृतिचित्रे’चा जन्मही असाच झाला. देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते आणि त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून काढण्यास सांगितले. आठवणी टिळकांच्याच निघाल्या. पण त्या पाहणारे डोळे लक्ष्मीबाईंचे होते. चरित्रासाठी गोळा केलेल्या साहित्यातून एका स्त्रीचे आत्मचरित्र सिद्ध झाले. ग्रंथ पूर्णत्वाने प्रसिद्ध होण्यापूर्वीच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

थोर पतीविषयी लिहिणाऱ्या पत्नीपुढे साधारणतः दोन वाटा असतात. एक आरतीची, दुसरी फिर्यादीची. लक्ष्मीबाईंनी दोन्ही टाळल्या. टिळकांचा राग, त्यांचे अचानक नाहीसे होणे, १८९५ चा घाव, यांतील काहीही त्यांनी झाकले नाही. आणि त्याच टिळकांचे निष्कपट मन, करुणा व काव्यही उणे करून सांगितले नाही. क्षमा करावयाची म्हणजे घडलेले विसरावयाचे, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. लक्ष्मीबाईंनी सारे लक्षात ठेवले, सारे लिहिले आणि तरीही क्षमा केली. कौटुंबिक दुःखांवर उपाय सांगणाऱ्या पुस्तकांचा आज सुकाळ आहे. उपाय न सांगणाऱ्या या पुस्तकाकडे मराठी वाचक पुनःपुन्हा वळतो, त्याचे कारण बहुधा हेच असावे.