विश्लेषण : ऑपरेशननंतर वर्षभराने रुग्ण कसा आहे, हे विचारणारा सर्जन

शहापूर किंवा मुरबाडच्या पाड्यावरचा माणूस हर्नियाचे ऑपरेशन करून घेतो आणि दिवाळीनंतर कुटुंबासह वीटभट्टीवर निघून जातो. टाके काढल्यानंतर त्याचे काय झाले, हे रुग्णालयाला बहुतेक वेळा कळतच नाही. हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांना छळत होता.

कॉडमन यांचा जन्म १८६९ चा. हार्वर्डमध्ये शिकताना ते आणि त्यांचे मित्र हार्वे कुशिंग ऑपरेशनवेळी रुग्णांना भूल देत. १८९४ मध्ये दोघांनी रुग्णाची नाडी आणि श्वास तक्त्यावर टिपायला सुरुवात केली. आज थिएटरमधल्या मॉनिटरवर दिसते ते तेव्हा कागदावर होते.

पुढे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांनी प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवले. लक्षणे, निदान, उपचार, गुंतागुंत, आणि वर्षभरानंतरची नोंद : रुग्ण बरा झाला का? नसेल तर का नाही? हा शेवटचा रकाना वरिष्ठांना रुचणे कठीणच होते. तिथे बढती सेवाज्येष्ठतेने मिळे; कोणाचे किती रुग्ण बरे झाले, हे कोणी पाहत नसे. १९१४ मध्ये कॉडमन यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी भर सभेत त्यांनी एक व्यंगचित्र दाखवले. त्यात शहरातले श्रीमंत रुग्ण म्हणजे वाळूत डोके खुपसून डॉक्टरांना सोन्याची अंडी देणारा शहामृग होता. हार्वर्डमधली नोकरीही गेली.

स्वतःच्या लहानशा रुग्णालयात मात्र त्यांनी हिशेब पूर्ण केला. १९११ ते १९१६ या काळात ३३७ रुग्ण आणि १२३ चुका. या चुका त्यांनी छापून प्रसिद्ध केल्या. आज असे रुग्णालय शोधून पाहा!

१९२० मध्ये त्यांनी हाडांच्या कर्करोगाची नोंदवही सुरू केली. १९४० मध्ये ते वारले, तेव्हा थडग्यावर दगडही नव्हता. तो २०१४ मध्ये बसला.

कार्डाची जागा आता संगणकाने घेतली आहे. १४ अंकी आभा क्रमांकामुळे शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातली नोंद रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरलाही दिसू शकते. पण रुग्णाला परत बोलावण्याचे काम हा क्रमांक करत नाही. भट्टीवरची कुटुंबे पावसाच्या तोंडावर घरी येतात. फेरतपासणीची तारीख जानेवारीत न देता जून-जुलैत दिली, तर शेवटचा रकाना भरण्याची शक्यता बरीच वाढते.