फसलेल्या तोफेचं खत

मागच्या पावसाळ्यात हॉस्टेलची आमची गँग राजगडला गेली. गुंजवण्यात उतरलो तेव्हा भाताची लावणी चालली होती, बांधावर खताच्या गोण्या होत्या. माझ्या सॅकमध्ये सेमिनारची झेरॉक्स होती. विषय, रेलगनमधल्या रुळांची झीज. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात आहेत हे मला नंतर लायब्ररीत कळलं. तो माणूस म्हणजे नॉर्वेचे क्रिस्टियान बर्कलंड.

त्यांचा जन्म १८६७ चा, ऑस्लोचा. फिजिक्सचे प्रोफेसर, पण जीव अडकलेला ध्रुवीय प्रकाशात. सूर्याकडून येणारे विद्युतकण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे ध्रुवांकडे वळतात, असं त्यांचं मत. त्यासाठी ते ऐन थंडीत उत्तरेकडच्या बर्फाळ डोंगरावर जाऊन राहिले. मोहिमांना पैसा लागतो, तो आणायचा कुठून? १९०१ मध्ये त्यांनी विजेच्या तोफेचं पेटंट घेतलं. ओळीनं कॉइल्स, आणि त्यातून ओढला जाणारा लोखंडी गोळा. कंपनीही काढली.

१९०३ मध्ये युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये मोठमोठ्या पाहुण्यांसमोर त्यांनी स्विच टाकला आणि शॉर्टसर्किट झालं! डोळे दिपवणारा आर्क, कानठळ्या बसवणारा आवाज, लोकांची पळापळ. तोफ संपली.

आमच्या रेलगनमध्ये कॉइल्स नसतात. दोन रुळांमधून धातूचा तुकडा घासत जातो आणि त्यातूनच लाखो अँपिअर करंट वाहतो. तुकड्याचा पृष्ठभाग वितळतो, संपर्क क्षणभर सुटला की आर्क पेटतो आणि तांब्याचे रूळ खडबडीत होतात. पुण्यातच, पाषाणच्या एआरडीईनं १९९४ मध्ये तीन-साडेतीन ग्रॅमचा तुकडा सेकंदाला २००० मीटरहून जास्त वेगानं उडवला. आर्क मात्र तिथंही शत्रूच.

बर्कलंडनी त्याच शत्रूला कामाला लावलं. इंजिनिअर साम आयडे यांना हवेतल्या नायट्रोजनपासून खत करायचं होतं. बर्कलंडनी चुंबकानं आर्क ताटासारखा पसरवला, त्यातून हवा सोडली, नायट्रिक ॲसिड मिळवलं आणि त्यापासून खत. १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो कंपनी उभी राहिली. (गुंजवण्यातल्या गोण्यांमधलं खत या पद्धतीचं नव्हे बरं का. हिला वीज फार लागते, म्हणून ती हेबर-बॉशपुढे टिकली नाही.)

पैसा आला, पण तब्येत गेली. झोपेच्या औषधाची सवय लागली. १९१७ मध्ये टोकियोच्या एका हॉटेलात ते मृतावस्थेत सापडले. त्यांनी सांगितलेले ध्रुवांवरचे विद्युतप्रवाह उपग्रहांना सापडले ते १९६० च्या दशकात.