गुलियेल्मो मार्कोनी

गुलियेल्मो मार्कोनी (२५ एप्रिल १८७४ – २० जुलै १९३७) हे इटालियन संशोधक, अभियंते व उद्योजक होते. बिनतारी संदेशवहनाला प्रयोगशाळेतून बाहेर काढून व्यवहारात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. १९०९ साली कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्यासह त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या बीम पद्धतीवर आधारलेली भारत–ब्रिटन बिनतारी सेवा १९२७ साली पुणे जिल्ह्यातील खडकी व दौंड येथील केंद्रांवरून सुरू झाली.

प्रारंभिक जीवन

मार्कोनी यांचा जन्म इटलीतील बोलोन्या येथे झाला. वडील ज्युझेप्पे हे सधन जमीनदार होते, तर आई ॲनी जेमसन आयरिश होती. त्यांचे बरेचसे शिक्षण घरीच झाले. हाइनरिख हर्ट्‌झ यांनी सिद्ध केलेल्या विद्युतचुंबकीय तरंगांची माहिती त्यांना बोलोन्याचे प्राध्यापक आउगुस्तो रीगी यांच्याकडून मिळाली. पोंतेक्यो येथील घराच्या माळ्यावर त्यांनी प्रयोग सुरू केले. अँटेनाचे एक टोक उंच टांगून दुसरे जमिनीत पुरल्यास संदेश अधिक दूर जातो, हे त्यांच्या लक्षात आले. १८९५ साली त्यांनी टेकडीपलीकडे संदेश पोहोचवला. तो मिळाल्याची खूण म्हणून त्यांच्या भावाने बंदुकीचा बार काढला. संदेश पोहोचला तरी उत्तर बिनतारी मार्गाने येण्याची सोय अजून नव्हती.

इंग्लंडमधील कार्य

१८९६ साली मार्कोनी आईसह लंडनला गेले व तेथे त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंते विल्यम प्रीस यांनी त्यांना साहाय्य केले. मे १८९७ मध्ये ब्रिस्टल खाडीवरून व १८९९ मध्ये इंग्लिश खाडीवरून संदेश गेला. अनेक केंद्रे एकाच वेळी बोलू लागली की संदेश एकमेकांत मिसळत. हा दोष दूर करण्यासाठी प्रत्येक संचाला ठरावीक तरंगलांबीवर जुळवण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांनी १९०० साली मिळवले.

१२ डिसेंबर १९०१ रोजी कॉर्नवॉलमधील पोल्धू येथून पाठवलेला मोर्स लिपीतील संकेत न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे ऐकू आल्याचे मार्कोनी यांनी जाहीर केले. संकेत केवळ कानांनी टिपलेला असल्याने या दाव्याविषयी पुढेही शंका घेतली गेली. या प्रयोगात वापरलेल्या पाऱ्याच्या कोहिअररचे जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या रचनेशी साम्य असल्याचे काही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. बोस यांनी त्या रचनेतून व्यापारी लाभ मिळवण्याचा प्रयत्न केला नव्हता.

१९१२ साली टायटॅनिक जहाज बुडाले. त्यावरील दोन्ही बिनतारी चालक मार्कोनी कंपनीचे कर्मचारी होते. त्यांनी पाठवलेल्या संदेशामुळे कार्पेथिया जहाज मदतीला आले व ७०० हून अधिक लोक वाचले. या घटनेनंतर जहाजांवर अहोरात्र बिनतारी पहारा ठेवण्याची आवश्यकता सर्वमान्य झाली.

लांब तरंग की लघुतरंग

दूरच्या संदेशवहनासाठी लांब तरंगच उपयोगी, असा समज १९२० च्या सुमारास रूढ होता. त्यासाठी अतिशय शक्तिशाली प्रक्षेपक, प्रचंड अँटेना व मोठा खर्च लागे. ब्रिटिश साम्राज्यातील देश जोडण्याची योजनाही याच तरंगांवर आखली जात होती आणि मार्कोनी यांची कंपनीही याच पद्धतीची केंद्रे उभारत आली होती. १९२३ साली मार्कोनी यांनी आपल्या एलेत्रा या नौकेवरून, सहकारी सी. एस. फ्रँकलिन यांनी पोल्धू येथे उभारलेल्या प्रक्षेपकाच्या साहाय्याने, लघुतरंगांची चाचणी घेतली. सुमारे ९७ मीटर तरंगलांबीचे संकेत केप व्हर्द बेटांपर्यंत स्पष्ट मिळाले.

लघुतरंग वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परावर्तित होऊन दूरवर जातात. परावर्तक अँटेनाच्या साहाय्याने ते एकाच दिशेने झोतासारखे सोडता येतात, त्यामुळे थोडी वीज पुरते. मात्र दिवस-रात्र व सूर्यावरील घडामोडी यांनुसार त्यांची पोच बदलते. जवळच्या जहाजांसाठी, सर्व दिशांना प्रक्षेपणासाठी आणि दोन ठरावीक दूरच्या ठिकाणांसाठी वेगवेगळी यंत्रणा निवडावी लागते, हे यातून स्पष्ट झाले. आपल्याच जुन्या पद्धतीवर केलेली गुंतवणूक निरुपयोगी ठरण्याचा धोका पत्करून मार्कोनी यांनी लघुतरंग निवडले. जुलै १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारशी करार झाला. कॅनडाची सेवा १९२६ साली, तर ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व भारत यांच्या सेवा १९२७ साली सुरू झाल्या.

खडकी व दौंड केंद्रे

भारतातील सेवेसाठी प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे व ग्रहण केंद्र दौंड येथे उभारण्यात आले. इंग्लंडमध्ये हीच कामे अनुक्रमे ग्रिम्सबी व स्केगनेस येथील केंद्रे करत. एकाच वेळी दोन्ही बाजूंनी संदेश पाठवायचे असल्यास स्वतःच्याच शक्तिशाली प्रक्षेपकामुळे दुरून आलेला क्षीण संकेत झाकला जातो. म्हणून ही दोन केंद्रे परस्परांपासून लांब ठेवली जात. दौंड हे रेल्वेने पुण्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. वडगाव रासाईसारखी गावे असलेला शिरूर–दौंडचा ग्रामीण पट्टा अशा प्रकारे आंतरराष्ट्रीय संदेशवहनाच्या जाळ्याशेजारी आला.

बीम सेवेचे दर समुद्राखालील तारांपेक्षा कमी असल्याने तार कंपन्यांचे उत्पन्न घटले. परिणामी १९२९ साली ब्रिटनमधील तार व बिनतारी सेवांचे एकत्रीकरण झाले. भारत व ब्रिटन यांच्यात रेडिओ दूरध्वनी सेवा १९३३ साली सुरू झाली. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, भारताची परदेशी दळणवळण सेवा सरकारच्या ताब्यात आली.

अखेरची वर्षे

मार्कोनी १९२३ साली इटलीच्या फॅसिस्ट पक्षात दाखल झाले व १९३० साली मुसोलिनी यांनी त्यांना रॉयल अकादमीचे अध्यक्ष नेमले. त्यांच्या चरित्रातील ही बाजू टीकेचा विषय ठरली आहे. त्यांनी १९३१ साली व्हॅटिकन रेडिओ केंद्र उभारले व पुढे अतिलघू तरंगांवर संशोधन केले. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ अनेक रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटे प्रक्षेपण थांबवले. १९४३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या एका महत्त्वाच्या पेटंटमधील काही दावे रद्द ठरवले. रेडिओच्या शोधाचे श्रेय एकट्या मार्कोनी यांना न देता बोस, लॉज, टेस्ला, पोपोव्ह व ब्राउन यांच्या कार्यासह त्याचा विचार केला जातो.